आधी पाळणा लांबवला, आता दिवस राहत नाहीत: नेमकं अडतं कुठे?

लग्नानंतर दोन वर्षं गोळ्या घेतल्या, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर तांबी बसवली. मग मूल हवं म्हणून ती काढली. चार महिने उलटले तरी पाळी वेळेवर येतेच आहे. अशा घरात पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "तरी सांगत होते, असलं काही घेऊ नका म्हणून." बोलणारी सासू असेल, जाऊ असेल, नाहीतर शेजारीण. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला १९५२ मध्ये. एवढ्या काळात साधनं पार बदलली, हे वाक्य मात्र जिथल्या तिथे आहे.

नसबंदी सोडली तर आज मिळणारं कुठलंही साधन कूस कायमची बंद करत नाही. साधनामुळे एक गोष्ट मात्र होते: ते चालू असेपर्यंत मुलाचा प्रश्न उभाच राहत नाही. गर्भनळ्या आधीच खराब असतील, नवऱ्याचे शुक्राणू कमी असतील, पाळी मुळातच अनियमित असेल, तर त्या दोन-चार वर्षांत ते कळायला काही कारणच पडत नाही. साधन थांबवलं की दडलेलं उघड्यावर येतं आणि आळ येतो शेवटच्या दिसलेल्या वस्तूवर. त्यातून होणारं खरं नुकसान म्हणजे तांबीला बोल लावण्यात वर्ष जातं आणि नवऱ्याच्या वीर्याच्या तपासणीसाठी लॅबची साधी चिठ्ठीसुद्धा निघत नाही.

चार महिने म्हणजे उशीर नव्हे

दोघं तरुण, निरोगी, संबंध नियमित, असं सगळं जुळून आलं तरी एका पाळीचक्रात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. पहिल्याच महिन्यात गोड बातमी येणं हा नियम नाही, नशीब आहे. वर्षभरात मात्र शंभरातल्या ८५ च्या आसपास जोडप्यांना दिवस राहतात. म्हणून डॉक्टर वंध्यत्व हा शब्द वापरतात तो १२ महिने कुठलंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहिल्यास. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिनेच थांबायचं.

यातला 'नियमित' हा शब्द नीट मोजायला हवा. नवरा मुंबईत नोकरीला, बायको गावी, तो गणपतीत आणि शिमग्याला येणार. किंवा तो ट्रकवर, नाहीतर आखातात. "लग्नाला तीन वर्षं झाली" हे खरं असतं, पण एकत्र राहिलेले दिवस मोजले तर पाच-सहा महिनेही भरत नाहीत. त्या जोडप्याला आधी तपासण्या नकोत, सोबत हवी.

स्त्रीबीज अंडाशयातून सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा एक. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याआधी साधारण १४ दिवस. पाळी २८ दिवसांची असेल तर तो चौदावा दिवस पडतो. ३५ दिवसांची असेल तर एकविसावा. "चौदाव्या दिवशी" हा आकडा सगळीकडे पाठ झाला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी फसवतो. मूल हवं असलेलं जोडपं तेवढाच एक दिवस धरून बसतं. मूल नको असलेलं जोडपं तेवढाच एक दिवस टाळतं. हवं असेल तर पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावेत. तारखांचा हिशोब ठेवायची गरजच उरत नाही.

मूल हवं असलेल्या जोडप्यांची आणखी एक तक्रार: "वीर्य आत टिकत नाही, सगळं बाहेर येतं." बाहेर येतो तो मुख्यतः द्रव. वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अगदी थोडा, बाकीचा द्रव इतर ग्रंथींचा. ज्या शुक्राणूंना आत शिरायचं असतं ते काही मिनिटांत गर्भाशयाच्या मुखाच्या चिकट स्रावात शिरलेले असतात. कंबरेखाली उशी, पाय भिंतीला टेकवून अर्धा तास, यातून काही साधत नाही. "पिशवी उलटी आहे" हेही असंच. गर्भाशय पुढे झुकण्याऐवजी मागे झुकलेलं असणं हे पुष्कळ बायकांत जन्मतःच असतं आणि एरवी सगळं ठीक असेल तर त्याने दिवस राहायचे थांबत नाहीत. हस्तमैथुनाने किंवा 'धात गेल्याने' वीर्य संपतं ही भीतीही सोडून द्यावी. वृषणांत शुक्राणू रोज नव्याने तयार होत असतात.

तांबी

सगळ्यात जास्त आळ येतो तो तांबीवर. त्याला थोडा इतिहास आहे. आपल्याकडे १९६५ मध्ये सरकारी कार्यक्रमात लूप, म्हणजे पिशवीत बसवायचं प्लॅस्टिकचं साधन, आला. रक्तस्राव आणि दुखण्यामुळे तो बदनाम झाला. अजूनही वयस्कर बायका तांबीला 'लूप'च म्हणतात. दुसरीकडे, अमेरिकेत सत्तरच्या दशकात डॅलकॉन शील्ड नावाचं साधन निघालं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा पिळलेला होता. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसे त्यातून जंतू वर पिशवीत चढत. १९७४ मध्ये तिथली विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा एकाच सलग तंतूचा असतो. साधन बदललं, भीती मात्र वारशाने आली.

आज सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या तांब्या मिळतात: ३८० ए, जी १० वर्षं चालते, आणि ३७५, जी ५ वर्षं चालते. इंग्रजी टी अक्षरासारखा, किंवा दोन्ही बाजूंनी वाकलेला, प्लॅस्टिकचा छोटा सांगाडा आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. त्यात हार्मोन नसतं. तांब्याचे कण पिशवीतल्या द्रवात मिसळतात आणि शुक्राणूंना निकामी करतात, म्हणजे बहुतेक वेळा बीज आणि शुक्राणू एकत्र येतच नाहीत. "महिन्याला एक गर्भ पडतो" हा समज त्यामुळे चूक आहे. तांबी काढली की तो परिणामही संपतो. पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात.

मेक्सिको शहरातल्या जवळपास १,९०० बायकांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल न झालेल्या बायकांत, नळ्या बंद असण्याचा संबंध पूर्वी तांबी वापरण्याशी लागतो का, हे तिथे तपासलं. लागला नाही. संबंध लागला तो क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या जुन्या संसर्गाशी. तांबीच्या वादात सगळ्यात उपयोगी पुरावा तो हा.

मग बिघडतं काय? बसवण्याच्या वेळी आधीच संसर्ग असेल, किंवा हत्यारं निर्जंतुक नसतील, तर जंतू वर ढकलले जातात. संसर्गाचा वाढीव धोका मुख्यतः पहिल्या २० दिवसांत असतो. म्हणून बसवण्याआधी योनीची आतून तपासणी व्हायलाच हवी: घाण वास येणारा, पिवळा-हिरवा स्राव असेल किंवा हात लावताच पिशवी दुखत असेल तर आधी उपचार, मग तांबी. ही तपासणी न करता दोन मिनिटांत काम उरकत असतील तर थांबून विचारावं. बसवल्यावर ताप, ओटीपोटात कळ, वासाचा स्राव आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जायचं.

तांबी "वर चढते, पोटात फिरते, काळजापर्यंत जाते" म्हणतात. बसवताना पिशवीच्या भिंतीला भोक पडून ती पोटात जाऊ शकते, पण हे हजारात एखाद्या वेळी होतं. काळजाकडे जायला तिथून रस्ताच नाही. तांबी आपोआप खाली सरकून पडणं हे त्याहून बरंच जास्त घडतं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लगेच बसवलेली असेल तर. म्हणून पाळी संपल्यावर हात स्वच्छ धुऊन, उकिडवं बसून, मधलं बोट आत घालून दोरा लागतो का पाहावं. पिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं आणि त्यातून मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा बारीक दोरा येतो. दोरा ओढायचा नाही, फक्त चाचपायचा. दोरा लागला नाही, जास्त लांब लागला, किंवा प्लॅस्टिकचं टोक टोचलं, तर सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरावा. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, दुखतेही. रक्त आधीच कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सोबत हव्यातच.

गोळ्यांचं पाकीट

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि थोड्या पैशांत मिळणारी माला-डी यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू असताना जो रक्तस्राव होतो तो हार्मोन थांबल्यामुळे होतो. ती खरी पाळी नव्हे. मुख्य गोम इथेच आहे. जिची पाळी लग्नाआधी दोन-दोन, तीन-तीन महिने पुढे जायची, तिला गोळ्यांवर घड्याळ लावल्यासारखा २८ दिवसांनी स्राव येतो. तीन वर्षांनी गोळ्या बंद केल्या की पाळी पुन्हा पूर्वीसारखी लांबते. घरचे म्हणतात, गोळ्यांनी पाळी बिघडली. खरं तर गोळ्यांनी ती झाकली होती. पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या गडबडीने बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास, असलेल्या मुलींच्या बाबतीत हे फार घडतं. गोळ्या सुरू करण्याआधी आपली पाळी किती दिवसांनी येत होती ते कुठेतरी लिहून ठेवलं तर हा वाद तिथेच मिटतो.

गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत सुरळीत होते. "मधूनमधून शरीराला आराम द्या" म्हणून दोन महिने गोळ्या थांबवण्याची मुळीच गरज नसते. नको असलेली गर्भारपणं नेमकी अशाच 'आरामात' राहतात.

गोळी चुकली तर काय, हे पाकीट देणाऱ्यांनाही पुष्कळदा नीट सांगता येत नाही. एक चुकली: आठवल्याबरोबर घ्यायची, पुढची ठरल्या वेळी, मग त्यासाठी एका दिवसात दोन झाल्या तरी चालतील. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या: सगळ्यात अलीकडची चुकलेली एक घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, पुढे रोज सुरू ठेवायच्या आणि ७ दिवस निरोध वापरायचा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या सोडून सरळ नवं पाकीट सुरू करायचं. लोहाची गोळी चुकली तर काही बिघडत नाही.

क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. अशा वेळी तांबी बरी. सर्दी-तापाची नेहमीची अँटिबायोटिक्स असं काही करत नाहीत. रक्तदाब जास्त असलेल्या, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या, ३५ पुढच्या धूम्रपान करणाऱ्या, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असलेल्या आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असलेल्या बायकांनी माला-एन, माला-डीसारख्या दोन हार्मोनच्या मिश्र गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्यासाठी दुसरी साधनं आहेत. त्यातली छाया ही आठवड्याची गोळी लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात हार्मोनच नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने पाळी लांबू शकते. ते ठाऊक नसलं की उगाच घाबरायला होतं.

अंतराच्या इंजेक्शनात एक खरी गोष्ट आहे

२०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेलं अंतरा हे दर तीन महिन्यांचं इंजेक्शन. याने मूल व्हायला वेळ लागतो, हे खरं आहे. औषध स्नायूतून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी १० महिने लागतात. कोणाला कमी, कोणाला वर्षाहून जास्त. उशीर होतो, कायमचं नुकसान होत नाही, आणि आपण किती इंजेक्शनं घेतली यावर तो अवलंबून नसतो. पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर अंतरा घेऊ नये, हा साधा हिशोब. इंजेक्शनावर पाळी बंद होते तेव्हा रक्त आत साठत नसतं. अस्तरच पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला काही नसतं.

७२ तासांची गोळी आणि तिच्याशी गल्लत

असुरक्षित संबंधानंतर घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. बस, एवढंच तिचं काम. बीज आधीच सुटलं असेल तर ती फारशी उपयोगी पडत नाही आणि गर्भ रुजला असेल तर त्याला काही करत नाही. ७२ तासांची मुदत असली तरी पहिल्या दिवशी घेणं आणि तिसऱ्या दिवशी घेणं यात खूप फरक आहे. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तिने पुढची पाळी मागेपुढे होते. एक आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करावी. ही गोळी कितीही वेळा घेतली तरी वंध्यत्व येत नाही. मात्र नेहमीचं साधन म्हणून ती कुचकामी आहे, कारण ती घेतल्यानंतरच्या संबंधांपासून ती वाचवत नाही. बीज पुढे ढकललंय, रद्द झालेलं नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा याहून कितीतरी खात्रीचा तातडीचा उपाय आहे, पण तो फार कोणी सांगत नाही.

औषधांच्या दुकानात हिची गल्लत होते ती गर्भपाताच्या गोळ्यांशी. तो संच वेगळा: मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार. पाळी चुकल्यावर, ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या. १९७१ च्या कायद्याने आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन निकामी ठरल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही देता येतं. नीट केलेल्या गर्भपाताने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. अडचण येते ती चोरून घेतलेल्या गोळ्यांनी. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जीव जाऊ शकतो. पिशवीत तुकडे राहिले तर आठवडाभर रक्त जात राहतं, ताप येतो, जंतू नळ्यांपर्यंत चढतात. तीन वर्षांनी 'नळ्या बंद' असा रिपोर्ट येतो तेव्हा तो आठवडा कोणी आठवत नाही. सोयीसाठी दोष आय-पिलला, म्हणजे त्या ७२ तासांच्या गोळीला दिला जातो.

अंगावर पाजत असताना

"बाळ अंगावर आहे तोवर काही होत नाही." तीन अटी एकाच वेळी पाळल्या तर हे ९८ टक्के खरं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचं दूध. घुटी, वरचं दूध, डाळीचं पाणी सुरू झालं, बाळ रात्रभर झोपायला लागलं, आई कामावर जायला लागली, की अट मोडली. फसवणारी गोष्ट अशी की बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. म्हणजे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता दिवस राहू शकतात, आणि ते कळतं चौथ्या-पाचव्या महिन्यात.

नवऱ्याचं ऑपरेशन

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती. दोन्हींत सोपं ऑपरेशन पुरुषाचं. टाका नाही, पोट उघडायचं नाही, भूल फक्त त्या जागेपुरती, काम दहा-पंधरा मिनिटांचं. पुरुषी हार्मोन वृषणातून थेट रक्तात जातं, कापलेल्या नळीतून नव्हे. त्यामुळे ताकद, इच्छा, शेतातलं जड काम, कशातच फरक पडत नाही. वीर्यही जवळपास तेवढंच दिसतं. फसतं ते इथे: कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरून नंतर वीर्य तपासून घेईपर्यंत ऑपरेशन पुरं झालं असं मानायचं नाही. ही तपासणी टाळली की दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस राहतात आणि संशय नको तिथे जातो.

मग खरी कारणं कुठली?

ढोबळ मानाने तिसरा हिस्सा बाईकडचा, तिसरा पुरुषाकडचा, उरलेल्यात दोघांचं मिळून किंवा कारण सापडत नाही असं. तरी तपासण्यांची फाइल बाईच्या नावाने जाड होत जाते.

बाईकडे नळ्यांचं दुखणं मोठं. आपल्या देशात त्यामागे क्षयरोग आहे, हे खूप कमी घरांना माहीत असतं. फुफ्फुसातून रक्तावाटे जंतू नळ्यांत जातात. खोकला नसतो, ताप नसतो. फार तर पाळीला स्राव कमी होत जातो. जननेंद्रियांच्या क्षयात दहापैकी नऊ जणींच्या नळ्यांना तो होतोच. मुलीला लहानपणी क्षय झाला होता, मानेला गाठ होती, ही गोष्ट लग्नानंतर सासरी लपवली जाते आणि डॉक्टरांनाही सांगितली जात नाही. ती सांगावी. तपासणीसाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेतात. एक सावधानता: फक्त पीसीआर, म्हणजे जंतूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, बाकी कशातच काही नाही, एवढ्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं बरोबर नाही. आणि क्षय बरा झाला तरी चिकटलेल्या नळ्या मोकळ्या होतीलच असं नाही. तेव्हा टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करावा लागतो.

नळ्या पाहायला एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे. पाळीच्या साधारण ६ ते ११ व्या दिवसात, रक्त थांबल्यावर करतात. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर त्रास कमी होतो. नळी आखडल्यामुळेही ती बंद दिसू शकते, म्हणून एका एक्स-रेवर 'दोन्ही नळ्या बंद' हा शेवटचा निकाल समजू नये. पाळी ३५ दिवसांची असताना एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन, तपासून "बीज सुटत नाही" म्हणणं हीही नेहमीची चूक. ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी हवी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी. मूल होत नाही म्हणून वारंवार 'पिशवी साफ' करून घेणं तर उलटंच. दरवेळी खरवडल्याने अस्तर चिकटू शकतं आणि मग खरंच अडतं.

पांढरं जाणं हे वंध्यत्वाचं कारण नव्हे. पाण्यासारखा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव तर बीज सुटण्याच्या दिवसांची खूण आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन या रक्ताच्या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. वयाचं मात्र कोणाच्या हातात नसतं: बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, तिशीच्या मध्यापासून शक्यता घटते आणि ३७-३८ नंतर झपाट्याने. एएमएच या तपासणीत साठा कळतो, बीजाचा दर्जा नाही. कमी आकडा आला म्हणून आपोआप दिवस राहणारच नाहीत, असं नसतं.

पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची, तरी तीच शेवटी होते. २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळायचं. नमुना लॅबच्या डबीतच घ्यायचा. निरोधात नको, त्यावरच्या औषधाने शुक्राणू मरतात. तेल-साबण नको. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांगायचं, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. घरून आणायचा असेल तर डबी खिशात, अंगाच्या उबेला, आणि तासाच्या आत पोचवायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हलणारे, ४ टक्के योग्य आकाराचे. हो, ४ टक्केच. "९५ टक्के शुक्राणू वाकडे आहेत" असा रिपोर्ट पाहून हातपाय गाळायचं काही कारण नाही.

एका खराब रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आजचा नमुना अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. तेव्हा डेंग्यू-टायफॉइडचा ताप असेल तर संख्या खाली असणारच. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. या तीन महिन्यांत तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू बंद. भट्टीजवळ किंवा गुऱ्हाळावर काम असेल तर शक्य तेवढं अंतर ठेवावं. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी दिलेली इंजेक्शनं आणि 'ताकदीसाठी' घेतलेलं टेस्टोस्टेरॉन ताबडतोब डॉक्टरांना सांगावं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, आणि छाती रुंद असलेल्या पोराचा रिपोर्ट शून्य येतो. बरेचदा थांबवल्यावर संख्या परत येते, पण महिने लागतात. वयात आल्यानंतर झालेलं गालगुंड, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, आणि लहानपणी खाली न उतरलेला अंडकोष ही इतर कारणं. शेवटच्या कारणावर ऑपरेशन बाळ सहा ते अठरा महिन्यांचं असतानाच व्हायला हवं. "मोठा झाला की उतरेल" म्हणत पोर शाळेत जाईपर्यंत थांबू नये.

वर्षभर थांबायचं नाही अशीही माणसं आहेत: पाळी दोन महिन्यांहून जास्त लांबणाऱ्या, पाळीत असह्य दुखणाऱ्या, पूर्वी नळीत गर्भ राहिलेल्या, क्षय होऊन गेलेल्या बायका, आणि अंडकोषाचं ऑपरेशन किंवा कर्करोगाचे उपचार झालेले पुरुष. यांनी पहिल्याच महिन्यात दाखवावं. दोघांनी मिळून जावं. त्याच भेटीत बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू होतं. जाताना जुने कागद न्यावेत: बाळंतपणाचा, क्युरेटिंगचा (पिशवी साफ केल्याचा), क्षयाच्या उपचारांचा. तांबी कधी बसवली, कधी काढली तेही सांगावं. डॉक्टर ती तारीख लिहून घेतील आणि पुढचा प्रश्न नवऱ्याला विचारतील.